बुधवारचं सूप

लव्हडेने पातेल्याचं जड झाकण दोन्ही हातांनी उचललं आणि वाफेने तिचा चष्मा धुरकटला. ॲप्रनच्या टोकाने काचा पुसत असतानाच पाद्रीबाई अबेना चर्चच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. अंगातला ओला कोट त्यांनी काढला नाही.

"ईस्टरनंतर चर्च बंद करायचं ठरलं, लव्हडेबाई. छपराचं काम आता आपल्या आवाक्यातलं राहिलेलं नाही. आणि रविवारी उपासनेला माणसं तरी किती असतात? सहा."

"सात," लव्हडे म्हणाली. "तुम्हाला धरून."

"हो. मला धरून सात."

"मग बुधवारचं जेवण?"

अबेनाबाईंनी नकारार्थी मान हलवली. लव्हडेने डावात थोडं सूप घेऊन त्यांच्यापुढे धरलं.

"मीठ बघता का जरा? मला हल्ली अंदाज येत नाही."

कार्न वार्था गावाचं हे मेथडिस्ट चर्च कथिलाच्या खाणीतल्या माणसांनी उभारलं होतं. पाळी संपली की घरी जाण्याआधी जो तो एकेक दगड टेकाडावर नेऊन ठेवायचा. पुढे खाणीत संप झाला, त्या हिवाळ्यात लव्हडेच्या आजीने याच चुलीवर अख्ख्या गावाला जेवू घातलं. खाणी बुडाल्या, पोरं प्लिमथला नि लंडनला गेली. लव्हडेचा नवरा डेन्झिल वारला, त्याच वर्षी तिने ते मोठं पातेलं माळ्यावरून खाली काढलं. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना आठवड्यातून एकदा तरी गरम जेवण मिळावं, एवढाच हेतू. सोमवारी बाजार, मंगळवारी वाटाणे भिजत घालायचे, बुधवारी सूप, त्यात नावापुरतं डुकराचं मांस. गुरुवारपासून मात्र दिवस ढकलावे लागत. घरी रेडिओ स्वयंपाकघरात चालू ठेवून ती बाहेरच्या खोलीत बसायची, म्हणजे आत कुणीतरी बोलतंय असं वाटायचं.

बुधवारी सगळ्यांत आधी यायचा विल्फ क्लेमो. डेन्झिलबरोबर खाणीत उतरलेला. खाडीपलीकडच्या गावाहून बस पकडून यायचा, टोपी खुर्चीला अडकवायचा आणि पातेल्यात डोकावायचा.

"काय पोरी, ह्यात बुडालेलं डुक्कर सापडलं का अजून?"

"तू पोहायला उतर, म्हणजे सापडेल."

मग तो दोन वाडगे सूप संपवायचा. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. चर्च बंद होणार हे कळल्यावर लव्हडेला पहिली काळजी वाटली ती त्याची. सुपाला येणाऱ्या थर्झा उरेनची सून निदान शेजारी तरी राहते. ह्याचं कोण बघणार? शनिवारी तिने डब्यात सूप भरलं आणि बसमध्ये बसली. दर बुधवारी घरपोच डबा देईन, असं त्याला सांगायचं होतं.

विल्फच्या घराचं दार उघडंच होतं. आतून भाजलेल्या मांसाचा वास येत होता, आणि पोरांचा कालवा. पिठाने माखलेले हात घेऊन त्याची मुलगी टॅमसिन बाहेर आली.

"अगंबाई, लव्हडेमावशी! ये की आत. बाबा कोंबड्यांकडे गेलेत, येतीलच."

"तू कधी आलीस?"

"मी? झाली की पाच वर्षं. घटस्फोट झाला आणि पोरांना घेऊन इथेच आले. बाबांनी सांगितलं नाही?"

लव्हडेने डबा छातीशी धरला. टेबलावर सहा ताटल्या मांडलेल्या होत्या.

"म्हणजे विल्फ एकटा नसतो," ती म्हणाली.

"एकटे? शांतता हवी म्हणून कोंबड्यांत जाऊन बसतात ते!" टॅमसिन हसली. "पण बुधवारी त्यांना कुणी अडवून बघावं. ताप असला तरी बस पकडणार. म्हणतात, डेन्झिलची बायको एकटी आहे गं, कुणीतरी जायला..."

ती मध्येच थांबली आणि हाताला चिकटलेलं पीठ खरवडू लागली.

"सूप जरा जास्त झालं होतं," लव्हडे म्हणाली. डबा तिने खिडकीत ठेवला. "माझी बस येईल आता."

थांब्यावर एक बस आली, तिच्यासमोर थांबली आणि निघून गेली. लव्हडे बाकावरून उठली नाही. इतकी वर्षं सूप वाढताना आपला चेहरा जेवायला येणाऱ्यांना कसा दिसत असेल, याचा ती विचार करत होती. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. दुसरी बस आली तेव्हा अंधारून आलं होतं.

पुढच्या बुधवारी विल्फ आला, पण पातेल्यात डोकावला नाही. तिने वाडगा पुढे ठेवला. तो खाली मान घालून खाऊ लागला.

"खरं सांग," ती म्हणाली. "तुला वाटाणे आवडतात?"

विल्फने चमचा खाली ठेवला.

"लहानपणापासून नाही."

"आणि दोन दोन वाडगे?"

"तू बघत असायचीस ना, पोरी."

तिने काही बोलायला तोंड उघडलं आणि भलतंच हसू फुटलं. ते आवरेना, तेव्हा ती पाठ फिरवून नळाखाली डाव धूत राहिली. बराच वेळ.

ईस्टर झाला. अबेनाबाईंनी शेवटची प्रार्थना म्हटली आणि दाराला कुलूप लावलं. तो सोमवार बाजाराविना गेला, मंगळवारी काही भिजवायचं नव्हतं. बुधवारी सकाळी लव्हडे कोट घालून बाहेरच्या खोलीत बसली. मग उठली आणि आतला रेडिओ बंद केला.

खाडीपलीकडे विल्फने दार उघडलं. त्याने आधी तिच्या हातांकडे पाहिलं. हात मोकळे होते.

"काय गं? बरं आहे ना सगळं?"

बसमध्ये सगळ्या वाटेने ती एकच वाक्य मनात म्हणत आली होती.

"मी जेवायला आलेय, विल्फ."