हडळीची बॅटरी

शनिवारी चार वाजायला दहा मिनिटं होती आणि वलगावच्या त्या बोळीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाया ओट्यावर, पोरं पाण्याच्या टाकीवर, माणसं खिडकीशी. सगळे संध्याच्या टीव्हीत हडळ यायची वाट पाहत होते. हडळ वेळेची मोठी पक्की. एसटीला उशीर होईल, पण ही चारच्या ठोक्याला हजर.

गर्दी मजेत होती. खरी घाबरली होती ती संध्या.

आठ दिवसांपूर्वी बातम्या चालू असताना टीव्ही एकदम काळा पडला आणि विहिरीतून पांढऱ्या केसांची, उलट्या पायांची हडळ वर आली. होती ती 'कवटी क्लब' नावाच्या कार्टूनमधलीच. तीन मुलं आणि एक भित्रा बोका भुतांचा माग काढतात, थोडं घाबरवतात, थोडं हसवतात, असली ती मालिका. पण ती लावली कोणी? रिमोट तर प्लास्टिकच्या पिशवीसकट कपाटावर होता. हडळ दात विचकून हसली आणि संध्याची आठ वर्षांची लेक मोनाली किंचाळत आईला बिलगली. त्या दिवसापासून पोरीचा दमा उसळला. मग बोळीतल्या आणखी तीन घरांत हडळ आली.

तिच्यामागोमाग धुपारे महाराज आले. महिन्यापूर्वीच गावात उतरलेले, सोबत पुंजाराम नावाचा पन्नाशीचा चेला. त्या तीन घरांतले टीव्ही त्यांनी पेढी नदीत सोडायला म्हणून नेले. सोडताना कोणी पाहिलं नाही, कारण पाहणाऱ्याला हडळ लागते, असं महाराजांनीच सांगून ठेवलं होतं.

"पयले भुतं पिंपळावर राहत," महाराज सांगत, "आता टावरवर राहतात. डिशीतून उतरतात अन् वायरीतून घरात शिरतात. बाई, हा दमा नाही. पोरीच्या छातीत हडळ बसून राहिली. तुमी पंप मारता, ते त्याच हवेवर पोसून राहिली! पंप बंद करा. मिरच्याची धुनी द्या लागते."

संध्याला हे पटलं नव्हतं. पण पोर डोळ्यांसमोर धापा टाकत होती, आणि भीतीनं तिचं डोकंच चालेनासं झालं होतं. नवरा अश्विन दिवसभर अमरावतीला ऑटो चालवायचा. सासू चतुराबाईंनी भिंतीवरच्या बौद्ध दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांच्या फ्रेमवर टॉवेल टाकला, "एवढ्यापुरतं" म्हणाल्या आणि महाराजांना बोलावलं. संध्यानं तो टॉवेल पाहिला आणि ती गप्प बसली. त्याची तिला आजही लाज वाटते.

चार वाजले आणि संध्याच्या घरी दारं-खिडक्या लागल्या. बाहेरच्यांनी फटींना डोळे लावले. मोनालीचा दम्याचा पंप महाराजांच्या झोळीत गेला. पुंजाराम नेहमीसारखा ओट्यावर पहाऱ्याला बसला. त्याच्या डोक्यावरच, दाराशेजारी, अश्विननं खडूनं वायफायचा पासवर्ड लिहून ठेवला होता. बोळीतलं पहिलं कनेक्शन, घडीघडी कोणाला सांगत बसायचं?

"ध्यानात ठेवा," महाराज म्हणाले. "हडळ हसली का सगळ्याईनं भितीकडे तोंड करा. तिच्या डोयाले डोया भिडला का संपलं. अन् संध्या, तू लगेच प्लग काढजो."

घमेल्यातल्या निखाऱ्यांवर मिरच्यांची पहिली मूठ पडली. खोलीभर धूर झाला. मोनालीला खोकल्याची उबळ आली, आणि मग खोकलाही येईना, नुसती शिट्टी वाजायला लागली. संध्यानं तिला खांद्यावर घेतलं. पोरीची छाती आत-बाहेर होताना तिला स्वतःच्या छातीवर कळत होती. लेकरू हातातून जातं की काय, हे एकच तिच्या मनात होतं.

टीव्ही काळा पडला. विहिरीतून हडळ वर आली आणि हसली.

बाहेरच्यांनी फटींवरचे डोळे काढले, आतल्या सगळ्यांनी भिंतीकडे तोंडं केली. संध्यानंही. तिचा हात प्लगवर गेला. पण खांद्यावरच्या मोनालीचं तोंड टीव्हीकडेच होतं.

"आई," पोर कशीबशी बोलली, "हडळीची बॅटरी... लाल झाली."

संध्यानं मागे वळून पाहिलं. हडळीच्या डोक्यावर, कोपऱ्यात, चार वाजून दोन मिनिटं, वायफायची खूण आणि लाल बॅटरी. चार टक्के.

"प्लग काढ!" महाराज ओरडले. "काहून पाहून राहिली? मरशीन!"

तिनं प्लगवरचा हात काढला. हडळ पुन्हा हसली आणि तिची कवळी विहिरीत पडली. बोक्यानं तिचा केस ओढला, तर सगळा टोपच हातात आला. आत होता कार्टूनमधल्या बंगल्याचा मिशाळ चौकीदार! मग टीव्हीवर पाटी आली, बॅटरी कमी आहे, चार्जर जोडा. आणि सगळं गुल.

दारावर टकटक झाली.

"संध्याताई," पुंजारामचा आवाज आला, "चार्जर भेटन काय? पतल्या पिनचा."

संध्यानं आधी लाथेनं घमेलं दूर सारलं, दारं-खिडक्या उघडल्या, झोळी उलटी केली आणि पंप मोनालीच्या तोंडाला लावला. एकदा, मग दुसऱ्यांदा. शिट्टी थांबेपर्यंत तिनं कोणाकडे पाहिलं नाही. मग पुंजारामच्या हातातला मोबाईल हिसकून चार्जरला लावला. पाच मिनिटांत त्याच्यावरची हडळ टीव्हीवर आली. संध्यानं मोबाईलवर बोट लावलं की हडळ हसे, पुन्हा लावलं की थांबे.

"हडळीनं मोबाईल धरला!" महाराजांनी शेवटचा प्रयत्न केला.

"मंग तिले म्हना, ह्या चार घरांबाहेरच्या एखाद्या टीवीत जाऊन दाखव," संध्या म्हणाली. "आमचं वायफाय चारच घरांत पुरते, अन् हडळही चारच घरांत. मोबाईल जोडू का म्हणून टीवीनं विचारलं असन, अन् आमी वाचल्याबिगर ओके दाबलं. चूक आमची. पण लबाडी तुमची."

बोळीतल्या बायांनी महाराजांच्या टिनाच्या खोलीचं कुलूप फोडलं. नदीत सोडलेले तिन्ही टीव्ही तिथे गोधडीत गुंडाळलेले होते, अगदी कोरडे. जादूटोणाविरोधी कायद्याखालच्या तक्रारीवर पहिली सही संध्यानं केली.

चतुराबाईंनी फ्रेमवरचा टॉवेल ओढला, त्यानंच नातीचं तोंड पुसलं आणि तिच्याजवळ बसल्या. "मले काही दिसलंच नाही वं," त्या म्हणाल्या. "मी भितीकडेच पाहून राहिलो होतो. कोण होतं ते?"

"चौकीदार, आजी. शेवटपर्यंत पाहा लागते."

वाचकहो, भीती वाटणं हा काही गुन्हा नाही. संध्यालाही वाटली. पण जो 'पाहू नका' म्हणतो, त्याच्या पुढ्यात डोळे उघडे ठेवा, आणि दम लागलेल्या लेकराचा पंप कोणाच्याही झोळीत देऊ नका.