फुंकरबाबांची दाढी

"अखिल ब्रह्मांड एका फुंकरीतून जन्मलं आहे!" फुंकरबाबांनी माइकवरून जाहीर केलं आणि माइक बंद पडला.

बाबांनी त्यात तीनदा फुंकर मारली. माइक ढिम्म. शेवटी स्पीकरवाला वर चढला, त्याने पिन काढून पुन्हा खोचली आणि ब्रह्मांड पूर्ववत सुरू झालं. मैदानातल्या पाचशे माणसांपैकी एकालाही यात काही वावगं वाटलं नाही. श्रद्धेची नजर फार तयार असते. जे दिसायला नको ते तिला बरोबर दिसत नाही.

वावगं वाटलं ते एकाच माणसाला, आणि तो मंचाखाली पालथा पडला होता. तो वेल्डर. त्याच्या हाताशी वर्कशॉपमधला धूळ उडवायचा ब्लोअर होता.

वर मंचावर मोटारसायकल उभी होती. नेहमीच्या इंजिनाच्या जागी एक पोटफुगं लोखंडी धूड, पुढे कर्ण्यासारखं तोंड, मागे उघडी नळी. बाबा कर्ण्याला तोंड लावून फुंकर मारत. आत शिट्टी वाजे, चढत चढत तिची किंकाळी होई, बाबा हळूच गॅसची चावी फिरवत, मागच्या नळीतून ज्योत निघे आणि बाबा दोन्ही हात वर करून ओरडत, "लोखंडात प्राण आला!" त्या वेळी त्यांची हातभर दाढी मागे खांद्यावर उडायची. लोक त्याला तेज म्हणत.

मागच्या सभेत विज्ञानाच्या निवृत्त बाई उठून म्हणाल्या होत्या, "फुंकर बाबा पुढे मारतात, मग दाढी मागे का उडते?"

"बाई, खाली बसा, मागच्यांना दिसत नाहीये!" असं त्यांना उत्तर मिळालं होतं. मंचाखाली वेल्डरला मात्र घाम फुटला होता. शाळेत बाईंनी त्याला कितीदा तरी बाकावर उभं केलेलं. त्या दिवशी आडवा असतानाही केलं, असं त्याला वाटलं.

कारण ते इंजिन त्याचं होतं. भंगारातल्या ट्रकचा टर्बोचार्जर, म्हणजे हवा दाबणारं चाक, जाड पत्र्याचा आगीचा डबा, गॅसची टाकी आणि दोन वर्षांचे रविवार. विमानाचं असतं तसंच, फक्त विमान नव्हतं. पहिल्याच चाचणीत मोटारसायकल वीस हात धावली आणि शेजाऱ्याचे वाळत घातलेले दोन लेंगे जळाले. गल्लीने इंजिनाचं नाव 'शेगडी' ठेवलं. पोट धरून हसले सगळे. धाकटी बहीण तेवढी हसली नाही. धुराने तिला दम लागला होता.

मग एक दिवस बाबा आपल्या खुर्चीचा मोडका पाय जोडून घ्यायला आले आणि शेगडी बघून त्यांचे डोळे चमकले. "हे कुणाला सांगितलंयस?"

"सगळ्यांना सांगितलं. कुणी ऐकलं नाही."

"मग आता सांगू नकोस. सगळे ऐकतील."

बाबांनी तिला सोनेरी रंग दिला. सोनेरी शेगडी कोण ओळखणार? ज्याचे लेंगे जळाले होते, तोच पहिल्या रांगेत बसून टाळ्या पिटू लागला. वेल्डरला बाबांकडून काही नको होतं. त्याला त्या टाळ्या हव्या होत्या. फळ्यांच्या खालून ऐकल्या तरी टाळ्या त्या टाळ्याच, अशी त्याने मनाची समजूत घातली. पुढे बाबा म्हणू लागले की जी फुंकर लोखंडाला प्राण देते ती छातीला का देणार नाही? तेव्हा वेल्डर मनात म्हणाला, लोक काय इतके खुळे आहेत? आणि ब्लोअरची वायर नीट गुंडाळून घरी गेला.

आज बाबांनी वेताची टोपली पुढे केली. "दम्याचे पंप टाका यात! श्वास बाजारात मिळत नसतो!"

फळ्या करकरल्या. कुणीतरी वर आलं. "आठ दिवस झाले बाबा, पंप घेतला नाही," एक तरुणी धापा टाकत म्हणाली. "बरं वाटतंय... म्हणजे वाटेल."

वेल्डरने आवाज ओळखला. ती धाकटी होती.

"बघ मुली, लोखंड कसं श्वास घेतं!" बाबांनी टाच आपटली. ही ब्लोअरची खूण.

वेल्डरचं बोट खटक्यावर होतं. ते तिथेच राहिलं.

बाबांनी फुंकर मारली. काही नाही. पुन्हा टाच, पुन्हा फुंकर. पाचव्या फुंकरीला बाबांचं तोंड टोमॅटोसारखं झालं आणि दाढी जागची हलली नाही. सगळीकडे चिडीचूप. त्या शांततेत एकच शिट्टी ऐकू येत होती, बारीक, अडकत अडकत येणारी. ती इंजिनाची नव्हती.

"इथे कुणाच्या तरी मनात शंका आहे!" बाबा कडाडले.

"माझ्या," धाकटी रडवेली झाली. "काल रात्री... पंप घ्यावासा वाटला होता. माझंच चुकलं."

वेल्डर मंचाखालून निघाला तो डोक्याने फळीला धडकूनच. वर चढून त्याने टोपली उलटी केली, निळा पंप उचलला, हलवला आणि तिच्या तोंडाशी धरला. "ओढ. आत धर. आता परत." मग तो गर्दीकडे वळला. "तिचं नाही, माझं चुकलंय. हे इंजिन मी बनवलंय. खालून वारा मी देतो."

"तू?" लेंगेवाला उठला. "माझ्या फाटकाचं बिजागर तुला धड बसवता आलं नाही!"

"बाई, तुम्ही या," वेल्डर गर्दीत बसलेल्या विज्ञानाच्या बाईंना म्हणाला. "मंचाखाली ब्लोअर आहे. त्याचा पाइप गाडीच्या चौकटीतून कर्ण्यात येतो, थोडा वारा उलटा दाढीवर उडतो. मी वर गॅस सोडतो, तुम्ही खटका दाबा. फुंकर कुणीही मारायची नाही."

बाई पदर खोचून खाली वाकल्या. शिट्टी, किंकाळी, ज्योत. सगळं यथासांग झालं. कर्ण्याजवळ उभ्या बाबांची दाढी उडून त्यांच्याच तोंडात गेली.

"आम्ही... आमची शक्ती बाईंना दिली आहे," बाबा केस थुंकत म्हणाले.

"बाई, मग मलाही एक फुंकर द्या ना!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तुला छडी देते!" बाई मंचाखालून म्हणाल्या. तेव्हा कुठे लोक हसले, आणि बाबा मागच्या शिडीने उतरू लागले. चौघांनी त्यांना अडवलं.

वेल्डरने गॅस बंद केला. "यात मंत्र नाही. ब्लोअर आतलं चाक फिरवतो, चाक हवा दाबून आत भरतं, त्या हवेत गॅस जळतो. तापलेला वायू मागे पळता पळता तेच चाक फिरवतो, म्हणून नंतर ब्लोअर लागत नाही. लोखंडाला फुप्फुस नसतं. ते मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो. तुम्ही चमत्कार बघाल तेव्हा खुशाल तोंडात बोट घाला, पण दुसऱ्या हाताने फळी उचलून बघा. आणि औषध सोडायचं असेल तर डॉक्टरला विचारा, माझ्यासारख्याला मिळणाऱ्या टाळ्यांना नको. मी आज सगळ्यांसमोर, माझ्या बहिणीसमोर..."

मागे बाबांच्या खुर्चीत बसलेल्या धाकटीने त्याच्या शर्टाचं टोक ओढलं.

"दादा," ती म्हणाली, "जरा बाजूला हो ना. वारा अडवतोयस."