डावीकडची मोकळी वाट

चेंडू मागण्याआधी नणंदेची कंबर बोटभर उजवीकडे सरकायची. वहिनीने तिच्या पाठीवर हात आडवा टेकवलेला असायचा, त्यामुळे डोळ्यांना दिसण्याआधीच ते हाताला कळायचं. आजही कळलं. गुडघे वाकवून ती उजवीकडे जाऊन उभी राहिली आणि मागे रेटत आलेली नणंद थेट तिच्यावरच येऊन अडली.

"टाक की, दादा!"

दादा म्हणजे वहिनीचा नवरा. त्याने चेंडू फेकला. नणंदेने तो वर झेलला, छातीशी आणला, तोच वहिनीने खालून फटका मारला. चेंडू इमारतीच्या कुंपणाशी जाऊन पडला.

"लंबे, उंची काय कपडे वाळत घालायला ठेवलीयस?" चेंडूमागे जाता जाता तो म्हणाला.

"तू गप रे. हिला वाकावं लागतच नाही. ही जन्मतःच वाकलेली आहे."

"वाकलेली नाही, आटोपशीर," वहिनी म्हणाली.

रविवारी बास्केटबॉलच्या संघाची निवड होती. मागच्या हंगामात नणंदेचा डावा गुडघा मुरगळला होता. आतलं लिगामेंट तुटलंय, ऑपरेशन करून घ्या, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ऑपरेशन म्हणजे अख्खा हंगाम पाण्यात. नणंद आधी "बघू" म्हणाली, मग "सूज उतरलीय", मग "बराय की आता". हळूहळू घरात तो विषय काढायची सोयच राहिली नाही. कॉलेजात वहिनी आपल्याहून हातभर उंच पोरींना रिंगखाली जेरीस आणायची, म्हणून नणंदेने तिला सरावाला ओढलं होतं. "दयामाया दाखवायची नाही," असं वर बजावलंही होतं.

वहिनीने ती दाखवली नव्हती. उंच पोरीशी हवेत भांडायचं नसतं, हे ती विसरली नव्हती. तिला हवी असलेली जागा चेंडू येण्याआधी आपण घ्यायची, तिच्या कमरेखाली राहायचं आणि चेंडू खाली येईपर्यंत हात आवरायचा. इतक्या वर्षांनी हे सगळं जमत होतं. वजनकाटे तपासण्याच्या नोकरीत अशी मजा कुठली?

पुढच्या खेपेला हात टेकवला आणि तिच्या मनात नको तो प्रश्न आला. काटा सारखा एकाच बाजूला झुकायला लागला, की नोकरीवर ती आधी काटा तपासायची. आपण दर वेळी उजवीकडेच का जातोय?

ती मुद्दाम पार उजवीकडे सरकली. डावीकडे ट्रक जाईल एवढी वाट सोडली. डावा पाय मागे टाकायचा, त्याच्यावर वळायचं आणि उडी मारायची, बस्स. शाळकरी पोरीनेही ती वाट सोडली नसती.

नणंद उजवीकडे वळली आणि तिच्यावर आदळली. चेंडू हातातून निसटला.

"पुन्हा!" दादाने टाळी वाजवली आणि तो चेंडू आणायला धावला.

वहिनी हसली नाही.

"डावीकडे वाट मोकळी होती," ती हळूच म्हणाली.

नणंद रिंगकडे बघत राहिली. "दिसली होती."

"मग?"

"रविवारी समोर तू थोडीच असणार आहेस?"

"जी असेल, तिला कळायला किती वेळ लागेल?"

नणंद खाली बसली. बुटाची नाडी बांधायला म्हणून वाकली, पण हात गुडघ्यावरच राहिला. वहिनी शेजारी बसली.

"दुखतो?"

"दुखत नाही गं. भरवसा वाटत नाही. पाय टेकला की वाटतं, खाली काही नाहीच."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून." गुडघा चोळत ती म्हणाली, "हंगाम जाईल, वहिनी."

"एक जाईल. अशीच खेळलीस तर किती जातील, ते तूच बघ." वहिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "आणि डावीकडूनही यायला लागलीस ना, तर मला काही तू आवरायची नाहीस. आताच सांगून ठेवते."

"कसली सोडतेस तू," नणंद म्हणाली. तिला हसू आलं आणि तिने बाहीने नाक पुसलं.

"काय गं, हरलीस म्हणून धरणं धरलंस का?" चेंडू घेऊन आलेल्या दादाने विचारलं.

वहिनीच्या खांद्याचा आधार घेऊन नणंद उठली.

"दादा, डॉक्टरांना फोन लाव," ती म्हणाली. "रविवारी मी जात नाही. ऑपरेशन करून घेतेय."