तापीत गेलेला नंबर

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे. तुम्ही मला वायफायचा डबा म्हणता. म्हणा बापडे! दोन शिंगं आणि चार हिरवे दिवे, एवढंच माझं रूप. तळोद्याच्या बाजारात रतिलालभाऊंचं गाणी रेकॉर्ड करायचं छोटं दुकान आहे. तिथल्या भिंतीवर मी एका खिळ्याला लटकलेला असतो. माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला, पण तिथलं मला काही आठवत नाही. गाणी साठवणं हा माझा धंदाच नाही. माझ्यातून सगळं जातं, माझ्यापाशी काही उरत नाही.

रतिलालभाऊंचं घर तापीकाठचं. भाऊबंद केळी लावायचे आणि हे मात्र गाण्यामागे वेडे. त्यांनी दुकानाच्या भिंतींना जुन्या गोधड्या ठोकल्या, एक माइक घेतला आणि धंदा सुरू केला. धडगावकडून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गाणारे यायचे. लग्नाची गाणी, होळीची गाणी. एकदा संगणक बिघडला आणि अख्ख्या हंगामाची गाणी गेली. तेव्हा भाऊ जेवलेसुद्धा नाहीत. मग त्यांनी इंटरनेटवर जागा विकत घेतली आणि मला आणलं. त्या दिवसापासून प्रत्येक गाणं माझ्यातून वर जाऊ लागलं. ‘वर ठेवणं’ हा भाऊंचा शब्द. गाणं तयार झालं की गाणाऱ्याच्या फोनवर ते एक लिंक धाडायचे. डोंगरात जिथे रेंज मिळेल त्या टेकाडावर उभं राहून माणसं आपला आवाज ऐकायची.

“भाऊ, घाट उतरना पडना नही, गानं घर उनं!” घाट न उतरता गाणं घरी आलं, असं कुणी म्हणालं की मी आपला फुलून जायचो. दसऱ्याला भाऊ मलाही हळदकुंकू लावायचे. इतकं कौतुक कुठल्या डब्याच्या वाट्याला येतं?

एके दिवशी रामसिंग आपल्या म्हाताऱ्या आईला, तापीबाईला घेऊन आला. मणिबेलीच्या बाजूला नर्मदेकाठी त्यांचं गाव होतं. धरणाच्या पाण्यात ते गेलं. त्यांच्या घरची रीत अशी, की मुलीला हळद लागताना घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं गावाचं गाणं म्हणायचं. त्यात प्रत्येक शेताचं नाव, प्रत्येक नाल्याचं नाव, कुणाच्या दारात कुठलं मोहाचं झाड होतं ते सगळं. मुलगी सासरी जाताना गाव सोबत घेऊन जाते म्हणे. हे गाणं आता एकट्या तापीबाईलाच येत होतं.

तिनं माइककडे संशयानं पाहिलं आणि विचारलं, “इतलं गानं याना पोटम्हा मावी का?”

“मावी माय, आखं गाव मावी,” भाऊ हसून म्हणाले.

ती गायली. भाऊ पंखा बंद करायला विसरल्यामुळे गाण्यात त्याची घरघर आली होती. ते रामसिंगला म्हणाले, “साफ करीसन लिंक धाडसू.” पण भाऊंचं साफ करणं म्हणजे काय विचारता! त्यांचं समाधानच व्हायचं नाही. गाणं माझ्यातून वर गेलं आणि तिथेच राहिलं. त्याची लिंक कुणालाच गेली नाही.

पुढे तापीबाईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची वाचा गेली. रामसिंग धावत दुकानात आला. “भाऊ, मन्ही मायना आवाज शे ना?”

“शे. वर शे. चिंता करू नको.”

आणि त्याच वर्षी थंडीत भाऊ गेले. शेतातून आले, पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेले. प्रकाशा गावच्या घाटावर तापीत त्यांच्या अस्थी सोडल्या. हे मी नंतर ऐकलं. भाऊंच्या पत्नी सरलाबाईंनी त्यांचा चष्मा पाण्यात सोडला, आणि मग पदरातून त्यांचा फोन काढला. “तेसना जीव तेम्हाच व्हता. जाऊ दे तेसना संगे,” असं म्हणून तोही सोडला. मुलगा हेमकांत शेजारी उभा राहून रडत होता. कुणालाच त्यात काही चुकीचं वाटलं नाही. मी तिथे असतो तर मलाही वाटलं नसतं.

दुकान बंद राहिलं. लग्नसराई आली तसं हेमकांतनं ते उघडलं. रामसिंगच्या मुलीचं लग्नही ठरलं होतं. अशात वळवाच्या वादळात वीज कमीजास्त झाली आणि संगणक जळाला. मी वेगळ्या बोर्डावर होतो म्हणून वाचलो. हेमकांत घाबरला नाही. सगळं वर आहे, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं नवा संगणक आणला. पासवर्ड भाऊंनी भिंतीवर खडूनं लिहून ठेवला होता. तो टाकला, तर संगणक अनोळखी म्हणून पडद्यावर अक्षरं आली, की तुमच्या फोनवर कोड पाठवला आहे, तो इथे लिहा.

भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात, तो हा!

सरलाबाई डबा घेऊन आल्या होत्या. “कोनता फोन?” त्यांनी विचारलं. तापीत सोडलेला, हेमकांतनं सांगितलं.

नंबर परत मिळेल म्हणून हेमकांत मोबाइलच्या दुकानात गेला. पण बरेच महिने रिचार्ज नव्हतं, नंबर दुसऱ्या कुणाला देऊन झाला होता. त्यानं त्या नंबरवर फोन लावला. कुणी चारुलता नावाच्या बाई होत्या. हेमकांतनं सगळं सांगितलं, बापाचं, गाण्याचं, म्हातारीचं. “ताई, आता एक कोड येईल, तेवढा सांगा.”

“दादा, ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो. सगळे अशाच गोष्टी रचून सांगतात,” त्या म्हणाल्या. पुन्हा लावला तर फोन लागेना. त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? शहाण्या बाईनं जे करावं तेच त्यांनी केलं. हेमकांतनं कंपनीला पत्रांवर पत्रं लिहिली. ती माझ्यातूनच गेली आणि उत्तरंही माझ्यातूनच आली. कोड हवा, एवढंच उत्तर. गाणं होतं त्या जागी सुखरूप होतं. त्याच्या दारापर्यंत मी रोज जात होतो. मी अगदी रडकुंडीला आलो होतो, मित्रांनो.

हळदीच्या आधी रामसिंग आईला घेऊन आला. हेमकांतनं काही लपवलं नाही. रामसिंगनं आईला बसवलं. मग म्हणाला, “आमनं गाव पानीम्हा गयं. आते गानं बी गयं.”

सरलाबाई तापीबाईसमोर हात जोडून रडू लागल्या. “मीच तापीम्हा टाका वं माय तो फोन.” तापीबाईनं चांगल्या हातानं त्यांचे जोडलेले हात खाली केले आणि तसेच धरून ठेवले. तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

नातीला हळद लागली. डीजे जोरात वाजला, असं म्हणतात. गावाचं गाणं झालं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी काहीतरी जपून ठेवत असेल. आजच त्यांच्याजवळ जाऊन बसा. कुठे ठेवलंय, कसं उघडायचं, त्यांच्यामागे कुणाला कळेल, हे विचारा. अभद्र वाटेल म्हणून थांबू नका. आमचे रतिलालभाऊ किती हौसेनं सांगत बसले असते! पण त्यांना कुणी विचारलंच नाही.