न दिसणाऱ्या कामाचे फोटो

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कोणी सांगायला नको. बावीस वर्षं मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, मागच्या खोलीत खिडकीपाशी बसून रफू करतेय, आणि बावीस वर्षं मालक गिऱ्हाइकांना सांगतोय की आमच्याकडे परदेशी मशीन आहे. ते मशीन म्हणजे मी. अशा माणसाच्या हाताखाली राहून कोण भोळं राहील?

नाट्यगृहाच्या कपडेपटात रफूला माणूस हवंय, ही बातमी सुनेने आणली. मखमलीचे, जरीचे जुने पोशाख, ज्यांना हात लावायला कोणी धजत नाही. अर्जाबरोबर आपल्या कामाच्या वेबसाइटची लिंक पाठवा, महिनाअखेरपर्यंत, असं त्यात लिहिलं होतं. ते काम मला हवं होतं. नाही मिळालं तर डोळे जाईपर्यंत मशीन म्हणूनच बसायचं होतं मला.

सून म्हणाली, मी करून देते. लगेच माझ्या मनात पाल चुकचुकली. हिला एवढी घाई कसली? उद्या सगळं हिच्याच नावावर निघालं तर? म्हटलं, राहू दे, मी शिकेन. मग फोनवर धडे बघत मी बसले. मथळा वर लावला की खाली जायचा, फोटो डावीकडे ढकलला की आडवा व्हायचा. सांगितल्याच्या नेमकं उलट करण्यात तो कॉम्प्युटर आमच्या घरच्या पुरुषांच्याही वरताण निघाला. पासवर्ड मी सुयांच्या डबीत ठेवला, डबी कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्यापाशी.

पंधरा दिवसांनी नऊ फोटो लागले. सुनेने पाहिले आणि म्हणाली, आई, हे तर कपड्यांचं दुकान वाटतंय. झोंबलं, पण खोटं नव्हतं. चांगल्या रफूचा फोटो काढला तर त्यात दिसणार काय? एक चांगला कोट. काम जितकं बरं, तितकं दाखवायला कमी.

पण मला एक सवय आहे. सूत जुळवायच्या आधी मी भोकाचा फोटो दिवसाउजेडी काढून ठेवते, कारण दिव्याखाली रंग फसवतो. माझा फोन म्हणजे नुसती भोकंच भोकं. ती शोधून मी जोड्या लावल्या, आधीचं आणि नंतरचं. सगळ्यांत भारी जोडी एका निळसर करड्या कोटाची होती. पाठीवर इस्त्रीने पेल्याच्या बुडाएवढं जळालेलं. कोटाच्याच आतल्या दुमडीतून एकेक धागा ओढून मी ते अकरा दिवसांत विणून काढलं होतं. वेबसाइटवर त्या कोटाचं वेगळं पान करून मी हे सगळं सविस्तर लिहिलं, दुकानात इस्त्रीखाली जळाला होता हेसुद्धा. नाव ना दुकानाचं, ना माणसाचं. म्हटलं, कोणाला काय कळतंय.

जाळला होता इस्त्रीवाल्या दादांनी. आधीच्या इस्त्रीवाल्याला एका डागावरून मालकाने त्याच दिवशी हाकललं होतं, म्हणून दादा कोट गुपचूप माझ्याकडे घेऊन आले, आणि मी डब्याच्या सुट्टीत तो विणला. मालकाला पत्ता नाही, गिऱ्हाइकाला तर नाहीच. रफू दिसत नसेल तर बोलायचं नाही, हा आमच्या धंद्याचा रिवाज. दादांना मी वेबसाइट झाल्याचं सांगितलं होतं, पत्ताही दिला होता, बढाई मारायला दुसरं होतं कोण? कोटाचं मात्र सांगितलं नाही.

मग सुरू झाला तो आकडा. वेबसाइटवर किती जण येऊन गेले ते दिसतं. पहिल्या आठवड्यात त्रेचाळीस. मला ओळखणारी माणसं एवढी नाहीत. आणि बहुतेक सगळे दुपारी एक ते दोन, म्हणजे आमच्या सुट्टीच्या वेळेत. कुठेतरी पाणी मुरत होतं. नक्की मालक. पण त्याला सांगितलं कोणी? सुनेवर मी दोन दिवस नजर ठेवली. मग एकदा मी इस्त्रीच्या टेबलाशी गेले, तर दादांनी घाईघाईने कागदाचा एक चिटोरा खिशात कोंबला. खाई त्याला खवखवे. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. ज्याचं पाप मी अकरा दिवस विणलं तोच चुगल्या करतोय, या विचाराने माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी न राहवून सुनेला आकडा दाखवला. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, आई, सुट्टीत दिवसातून चार-पाच वेळा तुम्हीच उघडून बघता ना? ते तुम्हालाही मोजतं. म्हणजे एवढे दिवस मी स्वतःवरच पाळत ठेवत होते. ती हसली, मीही हसले. पण हसता हसता मी हिशेब केला. माझे धरले तीस. मग उरलेले तेरा कोण? आणि कालच कोणीतरी कोटाच्या पानावर वीस मिनिटं थांबलं होतं.

ते कोण, ते दुसऱ्या दिवशी कळलं. दाताच्या डॉक्टरीणबाई दुकानात आल्या, एका हातात फोन, दुसऱ्या हातावर तो करडा कोट. मी मागच्या खोलीतून सगळं ऐकत होते. पाठीच्या पट्ट्यावरचं वेगळं बटण त्यांनी स्वतः लावलं होतं, त्यामुळे फोटोतला कोट आपलाच आहे, असं त्या म्हणत होत्या. मालक म्हणाला, बाई, असं काही झालेलंच नाही. त्यांनी कोट दिव्याखाली धरला, उलटा केला, नखाने चाचपला. त्यांनाही काही सापडेना, त्यामुळे त्या जास्तच चिडल्या. इतकी वर्षं इथे कपडे देतेय, अजून काय काय लपवलंय म्हणाल्या. मालकाने मला आणि दादांना पुढे बोलावलं.

हा वेबसाइटचा पत्ता तुम्हाला मिळाला कुठून, असं त्याने विचारलं. बाईंनी दादांकडे बोट केलं.

"यांनीच दिला. धुतलेल्या कपड्यांत चिठ्ठी होती, 'आमच्या रफूवाल्या बाईंचं काम बघा' म्हणून."

प्रत्येक चांगल्या गिऱ्हाइकाच्या पुडक्यात दादा चिठ्ठी घालत होते. त्यांच्या डबड्या फोनवर पहिलं पानच उघडायचं. कोटाचं पान आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. आता त्यांना ते दिसलं, बाईंच्या फोनवर, आणि त्यांचा चेहरा उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो माणूस माझं नाव पसरवत फिरत होता, आणि मी त्याला चुगलखोर ठरवून बसले होते. वर त्याची चूक मीच चव्हाट्यावर मांडली होती, फोटोसकट.

मालकाने विचारलं, कोणी जाळला. दादांनी तोंड उघडलं.

"मी," मी म्हटलं. "इस्त्री मोकळी होती, म्हणून फिरवायला गेले. जाळला मी आणि विणलाही मीच."

बाई म्हणाल्या, "मग कुठे ते दाखवा."

मी डोळे मिटून कोटावर बोट टेकवलं. डोळ्यांनी मलाही ते सापडत नाही, बोटालाच कळतं. बाईंनी माझ्या बोटाखाली आपलं बोट घातलं, बराच वेळ फिरवलं, आणि कोट घेऊन निघून गेल्या. मालक म्हणाला, उद्यापासून येऊ नका. मागच्या खोलीत दादा आले, म्हणाले, ताई, मी आत्ता जाऊन खरं सांगतो. मी म्हटलं, सांगाल तर दोघंही घरी बसू, आणि वर मी खोटारडी ठरेन. तुमच्यावर मी उगाच संशय घेतला, त्याची ही फेड समजा. त्यांना काही कळलं नाही, पण ते गप्प बसले. मी माझ्या सुया गोळा केल्या आणि निघाले.

घरी येऊन पहिल्यांदा ते पान उघडलं. 'दुकानात इस्त्रीखाली जळाला' होतं तिथे 'माझ्याच हातून इस्त्रीखाली जळाला' असं केलं. सून आडवी आली. म्हणाली, आई, लिंक आज पाठवायचीय, जाळणाऱ्या बाईला कोण आपले जुने पोशाख देईल? पानच काढून टाका. पण डॉक्टरीणबाई ते पुन्हा वाचणार, याची मला खात्री होती. पान गेलं, किंवा तिथे एक आणि तोंडी दुसरं निघालं, की त्या परत दुकानात जाणार आणि मालक दादांना धरणार. आणि दाखवण्यासारखं माझ्याकडे त्याहून मोठं काम नव्हतं. तसंच पाठवलं. दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी नाट्यगृहाचं उत्तर आलं. सुनेनेच मोठ्याने वाचलं: "काम पाहिलं. असा हात आम्हाला हवा होता. सोमवारपासून या. फक्त एक अट आहे, इथल्या कुठल्याही कपड्याला तुम्ही इस्त्री करायची नाही."

सून आनंदाने मला बिलगली. मला रडू आलं, आणि रडता रडता असा संताप आला म्हणून सांगू. बावीस वर्षांत माझ्या हातून साधा रुमालसुद्धा जळलेला नाही. पण हे आता मी सांगणार कोणाला?