सूनबाईची आंघोळ

कडबाकुट्टीचं यंत्र बनाबाईच्या गोठ्यात आलं, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी त्याचं सुनेसारखं स्वागत केलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला, लोखंडी पायांवर दूधपाणी घातलं. समोर एक चकचकीत पट्टी होती, ती सगळ्यांना कपाळासारखी दिसली. मग एकेकीनं तिथं तेलात कालवून हळदकुंकू लावलं, इतकं दणकून की सूनबाईचं कपाळ पुढं लालच राहिलं.

त्या पट्टीवर यंत्राचा नंबर कोरलेला होता, हे कळलं ते कृषी सहाय्यक स्नेहल मॅडम तपासणीला आल्यावर.

"नंबर दिसल्याशिवाय फोटो घेता येत नाही, मावशी. आणि आज शेवटची तारीख. फोटो गेला नाही तर अनुदान गेलं."

बनाबाईचा चेहरा उतरला. शेताचा एवढासा तुकडा तिच्या नावावर होता, पण त्या नावानं तिला हाक कोण मारतंय? डेअरीत, सोसायटीत, बँकेत, सगळीकडं ती जोतीरामाची बायको. हे अनुदान तेवढं तिच्या नावानं, तिच्याच खात्यात येणार होतं.

"पुसा की मग," म्हणत जोतीराम खांद्यावरचा टॉवेल काढून पुढं झाला.

बनाबाईनं त्याचा हात वरच्या वर धरला. "कुंकू पुसताय? आन् तेबी तुम्ही?"

"अगं, मिशीन हाय ते. आन् मी हितंच उभा हाय की, धडधाकट."

"तसंच ऱ्हावा. म्हणून तर म्हणते."

स्नेहलनं रुमाल काढला. मग तिला आपलं गेल्या वैशाखातलं लग्न आठवलं आणि रुमाल पुन्हा पर्समध्ये गेला. जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून खुसखुसू लागल्या.

"मॅडम, तुम्हीबी?" जोतीराम म्हणाला.

"गप्प बसा हो काका," स्नेहल म्हणाली. तिलाही हसू आवरेना.

शेजारची रोशनबी कुंपणावर रेलून सगळं बघत होती. "काय गं बने, नवरी न्हाते तवा कुंकू जातंय का न्हाय? कोण रडतंय त्याला? पुसू नका. न्हाऊ घाला तिला."

मग जी धांदल उडाली! कुणी बंबातलं ऊन पाणी आणलं, कुणी शिकेकाई. यंत्राची मोटार भिजू नये म्हणून जोतीरामाच्या टॉवेलात गुंडाळली. लाल पाणी खळाळत शेवंतीच्या वाफ्यात उतरलं, आणि झुंबरआजीनं जात्यावरचा गळा मोकळा सोडला,

न्हाली माझी सूनबाई, पाणी शेवंतीला गेलं
बनाच्या गं नावावरी आज सरकार आलं

नंबर आरशासारखा लखलखला. बनाबाई यंत्राशेजारी उभी राहिली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी, पदर तोंडावर.

"पदर काढा मावशी, चेहरा दिसू दे."

फोटो निघाला. स्नेहलनं मोबाइलवर बोट ठेवत विचारलं, "लाभार्थीचं नाव?"

"जोतीराम..." सवयीनं जोतीरामाच्याच तोंडून निघालं. सगळ्या बायका त्याच्याकडं वळल्या. त्यानं जीभ चावली.

बनाबाईनं पदर खांद्यावर नीट घेतला.

"बनाबाई जोतीराम चौगुले," ती म्हणाली. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. स्नेहलनं मान हलवली, बटण दाबलं, मोबाइल पर्समध्ये टाकला.

"झालं, मावशी."

"झालं?" बनाबाई म्हणाली. "इतक्यात? पुन्यांदा इचारा की मॅडम."