किल्ली माझ्या पोटात आहे

मी तक्रारपेटी बोलतेय. बोलतेय कसली, संतापाने धुमसतेय. पत्र्याची आहे म्हणून ही गप्प बसेल असं वाटलं असेल, तर ते विसरा.

माझा मुक्काम एका मोठ्या लॉन्ड्रीत. हॉटेलांच्या नि इस्पितळांच्या चादरी इथे धुवायला येतात. तळघरात धुलाईची यंत्रं, वर इस्त्रीचा विभाग आणि मध्ये लोखंडी जिना. त्या जिन्याच्या वरच्या टोकाला, भिंतीवर मी. अंगाला लाल रंग, पोटावर कुलूप, डोक्याला फट.

मला टांगलं त्या दिवशी काय तो थाट! साहेबांचं भाषण झालं, टाळ्या पडल्या. मग वाद पेटला, किल्ली कुणाकडे ठेवायची? कामगार म्हणाले, "ऑफिसात नको. कुणी लिहिलं ते कळलं की आमची वाट लागेल." साहेब म्हणाले, "तुमच्याकडेही नको. नको त्या चिठ्ठ्या तुम्ही गायब कराल." तासभर जुंपली होती. शेवटी मुकादमाला अक्कल सुचली. किल्ली पाकिटात घातली, पाकिटावर दोन्हीकडच्या सह्या घेतल्या आणि दोघांचाही विश्वास बसेल अशा एकमेव जागी ते ठेवलं. म्हणजे माझ्या पोटात! फटीतून पाकीट आत पडलं तेव्हा पुन्हा टाळ्या झाल्या. कुलूप आधीच लावलेलं आहे, हे एकाच्याही डोक्यात शिरलं नाही. शिरलं ते तिसऱ्या दिवशी. "पुढच्या बैठकीत बघू," असं ठरलं. त्याला पाच वर्षं झाली.

तेव्हापासून माझ्या पोटात काय काय आलं म्हणून सांगू! गोळ्यांचे कागद, बसची तिकिटं, एक तुटकं बटण. एकाने लिहिलं, शेजारच्याच्या डब्याला वास येतो. खरी गाऱ्हाणी लिहितंय कोण? ती चहाच्या टेबलावर चघळायची आणि मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकायची. तोंडाची वाफ दवडली की यांचं पोट भरतं.

गेल्या वर्षी चौथ्या पायरीजवळचा कठडा हलायला लागला. लगेच ग्रुपवर फोटो! खाली बावीस अंगठे उमटले. "कमाल आहे", "जपून रे", "कोणी बघतच नाही". अरे, मग तू बघ ना! एकाने कठड्याला चिंधी बांधली आणि मोठा पराक्रम केल्यासारखा त्याचाही फोटो टाकला. 'तिथे धरू नकोस हं' असं दुसऱ्याला सांगितलं की आपलं कर्तव्य संपलं. दोन स्क्रूंचं काम होतं हो, फक्त दोन!

लिहिलं ते एकट्या मावशींनी. अठ्ठावीस वर्षं चादरींचे गठ्ठे वाहणाऱ्या मावशी. फोन साधा, त्यामुळे त्या ग्रुपवर नाहीत. रोज सकाळी मला फडक्याने पुसायच्या आणि म्हणायच्या, "सांग गं बाई साहेबांना, कुणीतरी पडेल." वहीच्या कागदावर, ठळक अक्षरात, तारीख घालून त्यांनी तीनदा चिठ्ठी टाकली. तिन्ही माझ्याजवळ आहेत. मला पाठ झाल्यात.

आणि पडल्या त्याच. दोन महिन्यांपूर्वी गठ्ठा घेऊन त्या उतरत होत्या. खालून मुकादम मोबाइलमध्ये डोकं खुपसून वर येत होता. त्याला वाट द्यायला त्या बाजूला सरल्या, हात कठड्यावर गेला आणि कठडा हातात आला. मांडीचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांत कठडा दुरुस्त! बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय?

एवढ्यावर थांबले असते तर मी गिळलं असतं. पण आता मावशींचीच चौकशी लागलीय. धोका माहीत असूनही कळवला नाही, हा त्यांचा निष्काळजीपणा. सोमवारी निर्णय. कामावर ठेवायचं की काढायचं.

आज त्या काठी टेकत आल्या.

"साहेब, मी तीनदा लिहिलंय. या पेटीत आहे."

"असेल हो, पण बघायचं कसं? किल्ली नाही."

"मग कुलूप तोडा की!"

"तोडायला दोन्हीकडच्या सह्या लागतात, मावशी. तसं नियमात लिहिलेलंच आहे. बैठक घ्यावी लागेल."

"कधी?"

"पुढच्या महिन्यात."

ते बावीस अंगठे भोवती उभे होते. 'कठडा हलतोय हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं', एवढं बोलायला एकाची जीभ उचलली नाही. लाज नाही वाटत? मुकादम बुटांकडे बघत होता. मागे कुणीतरी फोटो काढला.

मावशी रडल्या नाहीत. त्यांनी पेन मागितलं, भिंतीला कागद टेकवून चार शब्द लिहिले, खाली नाव आणि तारीख घातली, आणि माझ्या फटीतून कागद आत सोडला. जाताना सवयीने मला पुसून गेल्या.

काय लिहिलंय सांगू? 'पेटी उघडावी, ही विनंती.'

अरे माणसांनो, तळघरात दारामागे खिळ्याला हातोडी टांगलेली आहे. सोमवारच्या आत तुमच्यातल्या एकाने, फक्त एकाने, ती घेऊन वर या. सह्या नकोत, बैठक नको, फोटो तर मुळीच नको. घाला घाव! मी पत्र्याची आहे, मला दुखत नाही.